बाबांचं कोलेस्टेरॉल १९४, तरी गोळी का?

भांडुपच्या एका मुलीने मला विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. ती एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने मधुमेही माणसांच्या तांबड्या पेशींचं पटल, म्हणजे बाहेरचं आवरण, वेगळं काढलं आणि त्यातल्या सोडियम-पोटॅशियम एटीपेज या एन्झाइमचं काम मोजलं. ते निरोगी माणसांपेक्षा कमी भरलं. त्याच आठवड्यात तिच्या बाबांचा रिपोर्ट आला. वय ५८, मधुमेह नऊ वर्षांचा, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.४, एकूण कोलेस्टेरॉल १९४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१२, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल वाहणारे कण) ३४, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल वाहणारे कण) ९८. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, लिहून दिलं. बाबांचं म्हणणं, "कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत, एलडीएल शंभरच्या आत, अंगाने मी बारीक. माझा आजार साखरेचा आहे, मग चरबीची गोळी कशाला?" मुलीने विचारलंय, की प्रयोगशाळेत दिसलं त्याचा आणि बाबांच्या कागदावर दिसतं त्याचा काही संबंध आहे का, आणि गोळी घ्यायची की नाही.

गोळी घ्यायची, हे आधी सांगून टाकते. संबंध आहे का, याचं उत्तर मात्र लांब आहे. मी मुंबईत वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आणि रक्ताचे नमुने तपासण्यात तीसेक वर्षं घालवली. एवढ्या काळात मला सगळ्यात जास्त छळणारा गैरसमज हाच: साखरेचा रिपोर्ट वेगळा, चरबीचा वेगळा. दोन कागद, दोन आजार. प्रत्यक्षात दोन्हींची गाठ पेशीच्या पटलावर पडते. तू नेमकं तेच पटल हातात घेऊन बसली होतीस.

तू तयार केलेल्या त्या फिकट गुलाबी गाळाला प्रयोगशाळेत 'घोस्ट' म्हणतात, म्हणजे भूत. हिमोग्लोबिन धुऊन टाकलं की मागे पेशीचं नुसतं आवरण उरतं. मेदाचे दोन थर, त्यात रुतलेली प्रथिनं, आणि मेदाच्या थरांत मधे मधे बसलेलं कोलेस्टेरॉल. यातली काही प्रथिनं एन्झाइम आहेत. आजूबाजूचा मेद योग्य तेवढा पातळ असला तरच त्यांना आकार बदलता येतो, आणि आकार बदलल्याशिवाय त्यांचं काम होत नाही. डिसेंबरच्या थंडीत थिजलेल्या तुपात चमचा फिरवून बघ, मग तेलात फिरवून बघ. पटलात कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढलं आणि फॉस्फोलिपिड (पटलाच्या थरांचा मुख्य मेद) त्या मानाने कमी राहिलं, की पटल घट्ट होतं आणि एन्झाइमचा चमचा जड फिरतो.

यापुढची गोष्ट तुझ्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत असेल, पण माझ्या मते सगळा विषय त्या ओळीत आहे. पिकलेल्या तांबड्या पेशीला केंद्रक नसतं आणि स्वतःचा मेद नव्याने बनवायची सोयही नसते. तिच्या पटलातलं कोलेस्टेरॉल भोवतालच्या प्लाझ्माबरोबर, म्हणजे रक्तातल्या द्रवाबरोबर, सतत देवाणघेवाण करत असतं. म्हणजे बाबांच्या लिपिड प्रोफाइलमध्ये जो प्लाझ्मा मोजला, त्याच प्लाझ्मात त्या पेशीचं आवरण १२० दिवस भिजत पडलेलं असतं. त्यात या पेशीत साखर शिरते ती इन्सुलिनची परवानगी न घेता. जीएलयूटी-१ नावाचा दरवाजा तिच्यासाठी कायम उघडा असतो. रक्तात साखर २५० असेल तर पेशीच्या आतही तशीच चढी. ती हिमोग्लोबिनला चिकटते, तिलाच आपण एचबीएवनसी म्हणून मोजतो. सॅम्युअल रहबर यांना १९६८ साली तेहरानमध्ये मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं. पण साखर फक्त हिमोग्लोबिनला चिकटून थांबत नाही. पटलातल्या प्रथिनांनाही चिकटते. शिवाय साखरेच्या या माऱ्यात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, पटलातल्या असंतृप्त मेदाम्लांना खवटपणा येतो. फरसाणाचा डबा उघडा राहिला की जो वास येतो, जवळपास तीच रासायनिक क्रिया. पटलावर असा तिहेरी मार बसतो: भोवतीच्या प्लाझ्मातला बिघडलेला मेद, प्रथिनांना चिकटलेली साखर आणि खवटपणा.

आता तुझ्या एन्झाइमकडे येते. मुंबईच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत तळाच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप असतो. पाणी आपणहून वर जात नाही, विजेचं बिल येतंच. सोडियम-पोटॅशियम एटीपेज हा तसा पंप आहे. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च करून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. विश्रांतीत शरीर जी ऊर्जा वापरतं तिचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त या एका पंपावर जातो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ साली हा पंप दाखवला, आणि १९९७ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एटीपी फुटलं की फॉस्फेट सुटतं, म्हणून पंपाचं काम मोजायला तू फॉस्फेट मोजलंस, आणि ती फॉस्फेटची जुनी पद्धत १९२५ साली फिस्क आणि सुब्बाराव यांनी दिली. यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. एटीपी शोधणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव आहे. दरवर्षी वर्गात मी हे सांगायचे आणि दरवर्षी निम्म्या मुलांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलेलं असायचं, याचं मला वाईट वाटतं. तुझ्या प्रबंधात त्यांचं नाव नीट लिही.

हा पंप बंद पडला तर काय होतं, याचा पुरावा आपल्या रस्त्यांवर उभा आहे. महामार्गाच्या दुभाजकात लावलेली कण्हेर आणि आवारातली पिवळी बिट्टी यांचं विष याच पंपाला अडवतं, म्हणून ते थेट हृदयावर जातं. तुझ्या प्रयोगात पंपाचं काम वेगळं काढायला तू जे ऊआबेन घातलंस, तेही याच कुळातलं.

मधुमेहात पंप बंद पडत नाही, मंदावतो. इन्सुलिन हे या पंपाला चालना देणारं संप्रेरक आहे. मधुमेही कीटोअ‍ॅसिडोसिसचा (इन्सुलिनअभावी रक्त आम्लयुक्त झालेला) रुग्ण आयसीयूत येतो तेव्हा त्याच्या रक्तातलं पोटॅशियम बऱ्याचदा नॉर्मल किंवा जास्तच दिसतं. इन्सुलिनचं ड्रिप लागतं आणि काही तासांत ते झरझर उतरायला लागतं, कारण स्नायूंमधले पंप जागे होऊन पोटॅशियम पेशींत ओढतात. म्हणून त्या रात्री दर दोन-तीन तासांनी पोटॅशियमचा नमुना लॅबमध्ये येतो. पहाटे चारला असे नमुने लावताना मला पाठ्यपुस्तकातला पंप डोळ्यांसमोर चालताना दिसायचा.

मज्जातंतूंमध्ये हीच मंदगती फार महागात पडते. तिथे जादा साखरेपासून सॉर्बिटॉल बनतं, मायोइनोसिटॉल घटतं आणि पंपाचा वेग उतरतो. आत सोडियम साठतं, संदेश हळू धावतात. पायांची आग, मुंग्या, चप्पल निसटून गेलेली न कळणं, यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. इन्सुलिनबरोबर स्वादुपिंडातून सुटणारं सी-पेप्टाइड या पंपाचा वेग वाढवतं असंही दिसलंय. त्यामुळे ज्यांचं स्वतःचं इन्सुलिनच संपलंय त्यांच्यात पंपाची ही मंदी अधिक ठळक असते.

दुसरा पंप कॅल्शियमचा. तो मंदावला की तांबड्या पेशीत कॅल्शियम साठतं आणि पेशी ताठर होते. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन, आणि डोळ्यांतल्या नि मूत्रपिंडातल्या केशवाहिन्या त्याहूनही अरुंद. निरोगी पेशी दुमडून, अंग चोरून पलीकडे जाते. ताठर पेशी अडते. मधुमेह नेमके हेच दोन अवयव का पोखरतो, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे.

आता बाबांच्या कागदावर येऊ. ट्रायग्लिसराइड ३१२ कुठून आले?

एक जुना प्रसंग सांगते. लॅबमधला तंत्रज्ञ सेंट्रिफ्यूजमधून नळी काढून माझ्याकडे धावत आला, "मॅडम, ह्यात सीरमच नाही, दूध आहे." खरोखर दूध होतं. चाळिशीचा माणूस, पोटदुखीने आलेला, मधुमेह आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. ट्रायग्लिसराइड हजाराच्या कितीतरी वर. सोडियम खोटंच कमी येत होतं, कारण प्लाझ्मातली जागा चरबीने अडवलेली. ती नळी आम्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी वर साय धरली होती आणि खालचा भागही गढूळ होता. साय म्हणजे जेवणातून आलेल्या चरबीचे कायलोमायक्रॉन, खालचा गढूळपणा म्हणजे यकृताने बनवलेलं व्हीएलडीएल. त्या माणसाचं स्वादुपिंड सुजलेलं निघालं. ट्रायग्लिसराइड हजारच्या वर गेले की ही भीती असतेच. त्याला चरबीच्या औषधाआधी इन्सुलिन दिलं गेलं, आणि काही दिवसांत दुधाचं पुन्हा पिवळसर, स्वच्छ सीरम झालं. इन्सुलिन चरबीचंही संप्रेरक आहे, हे त्या नळीइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कशाने पटलं नसतं.

आत जे घडतं ते असं. चरबीच्या पेशींत एक लायपेज, म्हणजे चरबी फोडणारं एन्झाइम, आहे, त्याला इन्सुलिन दाबून ठेवतं. इन्सुलिन कमी पडलं, किंवा असूनही ऐकलं जात नसलं, की तो लायपेज मोकाट सुटतो. चरबी फुटून मेदाम्लं रक्तात येतात आणि यकृताकडे जातात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलमध्ये भरून परत रक्तात पाठवतं. दुसरं एन्झाइम म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज. ते केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला बांधलेलं असतं आणि रक्तातून वाहणाऱ्या चरबीच्या गोण्या रिकाम्या करून घेतं. चरबीच्या ऊतीत त्याला इन्सुलिनचा आधार लागतो. इन्सुलिनचा जोर ओसरला की तेही ढिलं पडतं. माल येतोय दुप्पट आणि उतरवून घेणारे हमाल अर्धे, मग गोण्या रस्त्यावरच साचतात. ३१२ हा त्या साठ्याचा आकडा आहे.

एचडीएल ३४ ही त्याच साठ्याची सावली. ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात रेंगाळले की सीईटीपी नावाचं प्रथिन अदलाबदल घडवतं: एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल तिकडे, तिकडची ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये. यकृतातला लायपेज अशा एचडीएलचा मेद काढून घेतो, कण लहान होतो आणि शरीराबाहेर लवकर जातो. एलडीएलच्या बाबतीतही हीच अदलाबदल होते. कण बारीक आणि घट्ट होतात. असे कण धमनीच्या भिंतीत सहज शिरतात आणि लवकर ऑक्सिडाइझ होतात. साखर चिकटलेल्या एलडीएलला यकृतावरचा एलडीएल रिसेप्टर नीट ओळखत नाही, म्हणून ते रक्तात जास्त वेळ राहतं.

म्हणूनच एलडीएल ९८ या आकड्यावर बाबांनी निर्धास्त होऊ नये. हा आकडा बहुधा मोजलेला नाही, हिशोबाने काढलेला आहे. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. १९४ वजा ३४ वजा ६२, राहिले ९८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र वापरूच नये, आणि तीनशेच्या घरातही ते एलडीएल खरं आहे त्याहून कमी दाखवू शकतं. शिवाय तो आकडा कोलेस्टेरॉलच्या वजनाचा आहे, कणांच्या संख्येचा नाही. तेवढंच वजन बारीक कणांतून वाहायला कण जास्त लागतात. बाबांच्या कागदावर मी एकच वजाबाकी करेन: १९४ मधून ३४ गेले, उरले १६०. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. उपवासाची अट नाही, सूत्राची भानगड नाही. मधुमेहीत हा आकडा १३० च्या खाली हवा, आणि हृदयाला आणखी धोके असतील तर १०० च्या खाली. १६० ला नॉर्मल म्हणता येत नाही. काही लॅब रिपोर्टवर हा आकडा छापतच नाहीत. छापावा, असं माझं आग्रहाचं मत आहे.

आणि बाबा बारीक आहेत म्हणतात, ते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे, चरबी पोटात आणि यकृतात, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा आहे. बाबांच्या कमरेला टेप लाव. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजनकाट्यावर विश्वास ठेवू नकोस.

इथून चक्र उलटं फिरतं. इन्सुलिनचा रिसेप्टर हेसुद्धा पटलात बसलेलं एन्झाइमच आहे. बाहेरच्या बाजूला इन्सुलिन बसलं की आतली बाजू टायरोसिन कायनेज म्हणून काम सुरू करते आणि स्नायूपेशीच्या आत ठेवलेले जीएलयूटी-४ चे दरवाजे पटलापर्यंत आणले जातात. यकृतात आणि स्नायूत नको तेवढा मेद साठला, की त्यातून तयार होणारा डायअ‍ॅसिलग्लिसरॉल हा निरोप मधेच अडवतो. दरवाजे पटलावर येत नाहीत, साखर रक्तातच राहते. साखरेने चरबी बिघडवली आणि चरबीने साखर.

तुझ्या निष्कर्षाबद्दल एक सावधगिरी, परीक्षकांनी विचारायच्या आधी. तू मोजलेलं सोडियम-पोटॅशियम एटीपेज कोवळ्या तांबड्या पेशींत जास्त असतं, पेशी म्हातारी होते तसं कमी होतं. तुझ्या दोन गटांत अ‍ॅनिमियाचं प्रमाण वेगळं असेल, तर दिसलेला फरक मधुमेहाचा की पेशींच्या वयाचा, हे सांगता येणार नाही. हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट काउंट (कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी) दोन्ही गटांत बघ. मधुमेही गटात कोण इन्सुलिनवर आहे, कोण गोळ्यांवर, आणि प्रत्येकाची ट्रायग्लिसराइड किती, हे वेगवेगळं मांड. पटलातलं कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड मोजता आलं तर फारच छान. मग पंपाचा वेग कुणाबरोबर उतरतो, साखरेबरोबर की पटलाच्या घट्टपणाबरोबर, हे तुझ्याच आकड्यांत तपासता येईल. आणि नमुने रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी लावले असशील तर तसं प्रामाणिकपणे लिही.

आता गोळी. स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करतं, मग यकृत आपल्या पटलावर एलडीएल रिसेप्टरची संख्या वाढवतं आणि रक्तातले कण ओढून घेतं. हा रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. म्हणजे औषधाचं फळही शेवटी पटलावरच दिसतं. २००४ सालच्या 'कार्ड्स' चाचणीत बाबांसारखी माणसं होती: मधुमेह आहे, हृदयविकार अजून नाही, एलडीएल फारसं चढलेलं नाही. अशा २,८३८ जणांपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. हृदयविकाराच्या झटक्यासारख्या मोठ्या घटना औषधाच्या गटात ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका लवकर दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली गेली. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे खरं आहे, पण ज्याला मधुमेह आहेच त्याने त्यासाठी हे औषध सोडू नये. स्नायू दुखले, लघवी गडद झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं.

ट्रायग्लिसराइडसाठी मी दुसऱ्या गोळीची घाई करणार नाही. ३१२ चा बराचसा भाग एचबीएवनसी ८.४ मधून, म्हणजे चढ्या साखरेतून, आलेला आहे. साखर उतरली की तेही उतरतील. थायरॉइड एकदा तपासून घ्या, ते मंद असेल तरी हे आकडे वाढतात. दारू घेत असतील तर ती थांबवावी, ट्रायग्लिसराइडवर तिचा परिणाम आठवड्याभरात दिसतो. घरात तेलापेक्षा भात, पाव, बिस्किटं आणि चहातली साखर यांवर आधी नजर ठेवा, कारण यकृत जादा पिठाचीच चरबी करतं. मंगळवारच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी यात मोडते, बाबांना आवडत नसलं तरी. बांगडा, तारली खात असाल तर जरूर खा. त्यातली मेदाम्लं पटलात जाऊन बसतात. पण ट्रायग्लिसराइड उतरवायला लागणारी मात्रा रोज दोन ते चार ग्रॅम आहे, ती ताटातल्या माशाने भरून निघत नाही. जेवणानंतर वीस मिनिटं चालणं जमवा. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता जीएलयूटी-४ चे दरवाजे पटलावर आणतो.

तपासण्यांची घड्याळं मात्र दोन आहेत. लिपिड प्रोफाइल सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा, दहा-बारा तास उपाशी राहून, आणि आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत करू नका. आज बाबांच्या रक्तात फिरणाऱ्या पेशींनी मागची साखर अंगावर घेतलेली आहे, त्या जाऊन नव्या पेशी यायला तेवढा वेळ लागतोच. साखरेच्या नमुन्यासाठी करड्या टोपीची फ्लोराइडची नळीच वापरतात ना, हे लॅबमध्ये विचार. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी तासाला पाच-सात टक्के साखर खातात, आणि मग खोटाच चांगला आकडा घरी येतो.